पुऱ्या केलेल्या रेघा

धाकट्या भावाला घरात सगळे पैलवान म्हणत. वजन जेमतेम सत्तेचाळीस किलो, पण नाव पडलं ते पडलं. मोठ्या आतड्याची जुनाट सूज त्याला अकरा वर्षं होती. दरवर्षी दुर्बीण घालून आतड्याचा तीळभर तुकडा काढत आणि तो ताईच्याच प्रयोगशाळेत तपासायला येई. घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण लिहायचा नाही, हा तिथला नियम. तो तिचे सहकारी डॉक्टर लिहीत. ताई फक्त चित्र काढी. सूक्ष्मदर्शकाला छोटा आरसा जोडला की आतलं सगळं कागदावर पडल्यासारखं दिसतं. मग लाल पेन्सिलीनं त्यातल्या रक्तवाहिन्या गिरवायच्या, ही तिची जुनी खोड.

सुजलेल्या आतड्यात रक्तवाहिन्या धड राहत नाहीत. नव्या फुटतात, फुगतात, त्यांच्या भिंती जाड होतात, नको तिथे वळतात. पैलवानाच्या तर वर्षागणिक वाढतच होत्या. ताईला त्यांची कीव यायची. बिचाऱ्या आग विझवायला धावतात आणि गर्दी करून बसतात, असं ती म्हणे. तुकड्याच्या कडेला त्या अर्ध्यावर तुटलेल्या असत, ते तिला बघवायचं नाही. रेघ लोंबकळत ठेवू नये, असं तिच्या सरांनी शिकवलं होतं. म्हणून ती कडेपुढचा बोटभर भाग मनानंच पुरा करी.

"ताई, काल दुपारी माझं चित्र काढत होतीस ना?" पैलवान फोनवर विचारी. "पोटात गुदगुल्या झाल्या."

"गप रे. जेवलास का?"

वेळ मात्र त्याची दरवेळी बरोबर असे. ताईनं ते हसण्यावारी नेलं.

यंदा डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितलं. आणखी तीन महिने औषधं, मग शेवटचा तुकडा. सूज तशीच असेल तर मोठं आतडं काढून टाकायचं. "काढा की, तेवढंच ओझं कमी," असं पैलवान ऐटीत म्हणाला आणि ताईच्या घरी येऊन मोरीत नळ सोडून रडला. ताईनं दाराबाहेरून ऐकलं. तो नळ तिच्या कानातून जाईना.

त्याच आठवड्यात तिनं अकरा वर्षांचे अकरा कागद टेबलावर मांडले. लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. कापून काढलेला तुकडा परत उगवत नाही. एका वर्षाचा तुकडा दुसऱ्या वर्षाच्या तुकड्याशी जुळायचं काही कारण नसतं. तरी चौथ्या कागदाची डावी कड तिसऱ्याच्या उजव्या कडेवर ठेवली, तर रेघेवर रेघ बसली.

तिनं मनानं पुऱ्या केलेल्या रेघा पुढच्या वर्षी खऱ्या तुकड्यात होत्या. सगळ्याच्या सगळ्या. सातव्या कागदावर शिंक आल्यामुळे पेन्सिल घसरली होती आणि गळासारखं वळण उमटलं होतं. आठव्यात तेच वळण होतं, रक्तानं भरलेलं.

ताईनं सगळे कागद पुन्हा एकदा जुळवून पाहिले. अकरा वर्षं आपण मायेनं हे काय वाढवत बसलो!

तिनं खोडरबर घेतलं. अकराव्या कागदावरच्या स्वतः पुऱ्या केलेल्या रेघा पुसल्या आणि तिथे निरोगी आतड्यात असतात तशा बारीक, सुबक, मोजक्या वाहिन्या काढल्या.

फोन वाजला.

"ताई, पोटात गार गार वाटतंय गं."

तिनं फोन ठेवला. कागद आणि पेन्सिल कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. पुन्हा हात लावायचा नाही.

तीन महिन्यांनी सहकारी डॉक्टर धावतच आले. "अहो, बघा तरी! सूज नाही. वाहिन्या कशा आखून दिल्यासारख्या!"

ताईनं पाहिलं आणि तिथेच ढसाढसा रडली.

रविवारी पैलवान जेवायला आला. दोनदा मागून घेतलं. जेवण झाल्यावर ताईनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मनगटं भरली होती.

"आता नाव शोभतंय हो तुला."

तो हसला. मग पोट आत ओढून आणखी हसला, लहानपणी हसायचा तसा.

"पुरे की गं ताई."

"काय पुरे?"

"चित्र. गुदगुल्या होतायत. आज किती भराभर काढतेयस!"

ताईचे दोन्ही हात त्याच्या हातात होते. किल्ली गळ्याशी गार लागत होती.