टोपी घातलेली बॅटरी

या मायबाप, असे जवळ या. दारात उभे आहात त्यांनी आत सरका, आणि ज्यांना घाई आहे त्यांनी ती चपलांसारखी बाहेर काढून ठेवा. आज एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात गोंधळ इतका, की वर बसलेल्या देवालाही क्षणभर हसू आवरलं नसेल.

तिला सगळे छोटी म्हणत. आत्याच्या घरी आली तेव्हा ती खरंच छोटी होती. पुढे उंचीने आत्याच्या डोक्यावरून गेली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आत्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टसाठी ताठ बसणारे, बाळाला हसवता हसवता स्वतःच रडकुंडीला येणारे, नव्या सुटात गुदमरणारे... सगळ्यांचे फोटो आत्याने काढले. आणि आत्याचा स्वतःचा? एकही धड नाही. कॅमेरा कायम तिच्याच हातात, मग तिचा फोटो काढणार कोण?

अशी ही आत्या, केस पांढरे झाल्यावर, लग्न करत होती! समोरच्या औषधाच्या दुकानातल्या काकांशी. काका कित्येक वर्षं डोकेदुखीची गोळी द्यायला स्वतः रस्ता ओलांडून येत. आत्याचं डोकं कधीच दुखत नसे, हे फक्त छोटीला ठाऊक.

आत्याची अट एकच. "फोटो तू काढायचे, आणि माझ्याच कॅमेऱ्यावर. त्याने सगळ्यांना पाहिलं, एकदा मलाही पाहू दे."

आता हा कॅमेरा म्हातारा. लेन्स लख्ख, बटणं ठणठणीत, पण जीव बॅटरीत अडकलेला. छोटी तो घेऊन भर दुपारी रस्त्यावर सराव करत होती. एका दुकानाच्या काचेवर ऊन पडलं होतं, तिने त्यावर नेम धरला. आतून कुणीतरी काच पुसत होतं... कपाळावर भिंग चढवलेला एक तरुण. त्याने वर पाहिलं. तिच्याकडून बटण दाबलं गेलं. खट्! आणि कॅमेऱ्याचा पडदा काळाठिक्कर.

तो दार उघडून बाहेर आला. "माझा चेहरा बघून बंद पडला का हो?"

"नाही... म्हणजे, हो. म्हणजे, तुमचा दोष नाही."

"आत या. आमच्याकडे बंद पडलेल्यांचीच वर्दळ असते."

दुकान कॅमेरे दुरुस्तीचं होतं. छोटीने मनातल्या मनात त्याला नाव देऊन टाकलं : भिंगवाला. त्याने बॅटरी काढली, उलटीसुलटी केली, काउंटरच्या काचेवर ठेवली आणि बोटाने तिचं एक टोक दाबलं. बॅटरी पाळण्यासारखी हलली.

"फुगली आहे. सपाट बसत नाही, बघा. आता हिला चार्जिंगला लावायचं नाही, आणि कचऱ्यातही टाकायचं नाही. इथेच ठेवा, मी नीट पाठवून देतो."

"मग नवी द्या. कंपनीचीच हवी हं. डुप्लिकेट नको."

"कंपनीने करणं बंद केलं." त्याने कपाटातून एक डबा काढला, सील न फोडलेला. "ही शेवटची उरली आहे. अस्सल."

छोटीचा चेहरा उजळला. त्याने सील फोडून बॅटरी चार्ज करायला लावली. दोघं वाट बघत बसले, हवेबद्दल बोलले, हवा संपल्यावर गप्प बसले. मग बॅटरी कॅमेऱ्यात घातली... आणि पाच-सहा फोटोंत कॅमेरा पुन्हा आडवा.

"अहो, पण ही अस्सल होती ना?"

"अस्सलच. पण वर्षानुवर्षं डब्यात बसून जीव गेला तिचा. वापरलं नाही तरी बॅटरी म्हातारी होते."

"मग आता?"

"बाहेरच्या कंपनीची. डुप्लिकेट म्हणजे वेगळं हो. दुसऱ्याचं नाव लावून फिरते ती डुप्लिकेट. ही आपल्याच नावाने येते."

"धोका नाही ना?"

भिंगवाल्याने कान खाजवला. "नाही. म्हणजे... चांगली असली तर नाही. वाईट असली तर आहे."

"आणि चांगली की वाईट, कसं ओळखायचं?"

"वापरल्याशिवाय नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे घ्यावी की नको?"

"घ्यावी. पण... लगेच नको."

मायबाप, असं उत्तर ऐकून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? छोटी चिडली, हसली, परत चिडली. "तुम्ही विकायला बसलात की टाळायला?"

"तुमच्या आत्याचं लग्न म्हणता. तिथे पुन्हा एकदा करा असं म्हणता येत नाही. मी आधी चालवून बघतो. उद्या येऊन जा."

ती उद्या गेली. त्याने बाहेरच्या कंपन्यांच्या चार बॅटऱ्या मांडल्या होत्या. एकीवर ताकदीचा भलामोठा आकडा छापलेला, पण हातात घेतली तर पिसासारखी हलकी. "एवढी ताकद एवढ्याशा वजनात कुठून येणार? बढाईखोर आहे," म्हणून त्याने ती बाजूला केली. राहिलेल्या तिघी काचेवर सपाट बसल्या.

"झालं मग! द्या."

"आज नको. उद्या..."

उद्या गेली, तर म्हणाला, "गरम होतात का ते बघायचं आहे." परवा गेली, तर म्हणाला, "थंड झाल्यावर कशा चालतात ते बघायचं आहे." त्याच्या पुढच्या दिवशी तर कारणच सांगितलं नाही, नुसती खुर्ची पुसून पुढे केली. तिचा हात काउंटरवर होता. त्याने बॅटरी उचलताना बोट तिच्या बोटाला लागलं. दोघांनी हात असे मागे घेतले, जसा काही शॉक बसला.

"बॅटरीत... करंट नाही ना?" ती म्हणाली.

"एवढा नसतो," तो म्हणाला. आणि भिंग डोळ्यावर ओढून कुठलाही स्क्रू नसलेल्या जागी स्क्रू शोधू लागला.

घरी जाताना छोटीच्या डोक्यात भुंगा. हा माणूस मला बॅटरी देत का नाही? माल वाईट आहे, म्हणून लाजतोय? की माल चांगला आहे आणि...? छे! आणि काय? काहीतरीच!

शेवटी तिने आत्यालाच विचारलं. आत्या साडीला इस्त्री करत होती.

"आत्या, बाहेरच्याचा भरवसा धरावा का गं?"

"बॅटरीचं विचारतेस की भिंगवाल्याचं?"

"बॅटरीचंच! ... बहुतेक."

आत्याने इस्त्री उभी केली. "हे बघ छोटे, मी काही तुझी कंपनीची आई नाही. बाहेरचीच आहे. चालले ना इतकी वर्षं?"

छोटी आत्याच्या पाठीला चिकटली आणि तशीच उभी राहिली. "चालतेस गं," एवढंच म्हणाली.

"मग. पण अक्कल वापरायची. डोळे मिटून कुणावरच भरवसा टाकायचा नाही. बॅटरीवर नाही आणि माणसावर नाही. आणि हो, त्याला लग्नाला बोलाव. मलाही बघू दे सपाट बसतो का."

दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या मिळाल्या. देताना भिंगवाला पुन्हा बजावत होता. "गादीवर ठेवून चार्ज करायच्या नाहीत. लावून बाहेर जायचं नाही. समोर बसायचं."

छोटी समोर बसली. लाल दिव्याचा हिरवा होईपर्यंत बसली. मायबाप, चार्जरच्या दिव्याकडे बघून गालात हसणारी मुलगी तुम्ही पाहिली नसेल, आत्याने पाहिली.

लग्न नोंदणीच्या कार्यालयात होतं. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, पंखा कुरकुरणारा, आणि पुढच्या जोडप्याची दारात चुळबुळ. काकांनी टाय बांधला होता, तो बांधला की टांगला हे कळत नव्हतं. भिंगवाला इस्त्रीच्या शर्टात आला. कपाळावर भिंग नव्हतं, त्यामुळे छोटीने त्याला आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर तिच्या हातून लेन्सचं झाकण पडलं.

"मी काही मदत करू?"

"तुम्ही... उभे राहा. म्हणजे, जवळ राहा. म्हणजे, बॅटऱ्यांसाठी!"

फोटो सुरू झाले. पायऱ्या चढणारी आत्या, घाम पुसणारे काका, दोघांची एकमेकांना चोरून पाहण्याची धडपड. पहिली बॅटरी संपली. छोटीने ती काढली, तिला प्लास्टिकची टोपी घातली, थैलीत टाकली, दुसरी घातली. तेवढ्यात नातेवाइकांचा लोंढा आला. तिने थैली भिंगवाल्याकडे दिली. "धरा. मागितली की द्या."

दुसरी बॅटरी सही व्हायच्या ऐन तोंडावर संपली. छोटीने ती काढून खिशात टाकली आणि डोळा कॅमेऱ्याला तसाच ठेवून हात मागे केला. भिंगवाल्याने थैलीत हात घातला. दोन बॅटऱ्या. एक उघडी, एक टोपी घातलेली. त्याने टोपी काढून दुसरी तिच्या हातावर ठेवली.

आत्याने पेन उचललं. काका श्वास रोखून. छोटीने बटण दाबलं...

पडदा एकदा लुकलुकला आणि विझला.

"दुसरी द्या! पटकन!"

"दुसरी... दुसरी तर संपलेली आहे."

"तिन्ही संपल्या? इतक्यात?" छोटीने वळून पाहिलं, आणि जे बोलायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. "शेवटी बाहेरचीच निघाली ना! तुम्हीच म्हणाला होतात, भरवसा नाही... मग द्यायचीच नव्हती!"

भिंगवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. भांडावं, तर त्यालाही तेच वाटत होतं. "चूक माझीच," तो हळूच म्हणाला. "मी... मला वाटलं होतं चालतील." त्याने थैली टेबलाच्या कडेला ठेवली आणि दाराकडे वळला.

अधिकारी बाई घड्याळ बघत म्हणाल्या, "सही करताय ना?"

"नाही," आत्या म्हणाली.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "अगं... नाही म्हणजे?"

"तुम्ही बसा हो. लग्न करणारच आहे. पण फोटो काढल्याशिवाय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले, हलू नका, हलू नका. आज सगळ्यांनी माझ्यासाठी हलू नका. आणि तो इस्त्रीचा शर्ट, तुम्हीसुद्धा."

भिंगवाला दारात थिजला. आत्याने पेन हातात ठेवूनच थैली पाहिली, आतली बॅटरी पाहिली, टेबलावर पडलेली टोपी पाहिली.

"तुम्ही हिला टोपीवाली का दिलीत?"

"भरलेली होती म्हणून. आमच्या दुकानात भरली की टोपी घालतात. धूळ लागू नये, शॉर्ट होऊ नये."

आत्याचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले, मग त्यांतून पाणी यायला लागलं... हसण्याने! "अहो, आमच्या स्टुडिओत संपली की टोपी घालतात! टोपी घातली म्हणजे झोपली. उघडी म्हणजे जागी. तुम्ही हिला झोपलेली दिलीत, आणि जागी थैलीत ठेवलीत!"

छोटीने थैलीतली उघडी बॅटरी काढून कॅमेऱ्यात घातली. पडदा उजळला. पट्टी पूर्ण भरलेली.

खोलीत हशा पिकला. अधिकारी बाईसुद्धा हसल्या. पण छोटी हसली नाही. तिला आतून काहीतरी टोचत होतं. बॅटरी बिचारी पूर्ण भरलेली होती. रिकामा होता तो छोटीचा भरवसा. आणि भिंगवाल्याचाही.

"आधी फोटो," आत्या म्हणाली. "रडायचं नंतर."

मग छोटीने फोटो काढला. आत्या सही करतेय, चष्मा नाकावर घसरलेला, डोळे हसून ओले, आणि बाजूला काका, टाय खांद्यावर, तिच्याकडे असे बघत आहेत, जणू वर्षानुवर्षांची डोकेदुखी आज थांबली. एकच फोटो. पण असा, की आत्याने दुसरा काढायला सांगितलाच नाही.

बाहेर जिन्यात छोटीने भिंगवाल्याला गाठलं. "मी चुकले हो. तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"मीही चुकलो. विचारलं का नाही, टोपीचा अर्थ काय म्हणून? आणि दुसरं..." तो अडखळला. "एक सांगायचं होतं. त्या बॅटऱ्या... दुसऱ्याच दिवशी पास झाल्या होत्या."

"काय?"

"सपाट होत्या, वजन ठीक होतं, गरम होत नव्हत्या. तेव्हाच द्यायला हव्या होत्या."

"मग मला रोज का बोलावलंत? गरम, थंड... हे सगळं?"

"तुम्ही याव्यात म्हणून."

वरून पंख्याची कुरकुर तेवढी येत होती. छोटीने कॅमेरा सुरू केला, पडद्यावरचे फोटो मागे मागे सरकवत एक जुना फोटो शोधला आणि त्याच्यापुढे धरला. काचेपलीकडचा एक चेहरा, हललेला, अर्धा उन्हात, कपाळावर भिंग.

"हा पुसला नाही अजून?" तो म्हणाला. "इतका वाईट आलाय."

"वाईटच आहे. बॅटऱ्या मिळाल्यापासून रोज रात्री बघून खात्री करून घेते."

"आणि... काय ठरलं? घ्यावा की नको?"

छोटीने खूप विचार केल्यासारखं केलं. "घ्यावा," ती म्हणाली. "पण समोर बसून. लावून बाहेर जायचं नाही."

तेवढ्यात वरून हाक आली. "तिथेच थांबा! हलू नका!" जिन्याच्या कठड्याला टेकून, लग्नाच्या साडीत, आत्या उभी. खाली येऊन तिने छोटीच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि डोळ्याला लावला. त्या बाहेरच्या कंपनीच्या बॅटरीत अजून भरपूर जीव होता. खट्!

तो फोटो त्यांच्या घरात आजही आहे. दोघं गोंधळलेले, कुठे बघावं हे न कळलेले, आणि तरी एकमेकांच्या जवळ. फोटोत आत्या नाही. ती कशी असेल?

म्हणून मायबाप, एक मागणं आहे. घरी जाल, जुने फोटो काढाल, कोण किती बारीक होतं, कोण किती हसत होतं ते बघाल... तेव्हा जरा थांबा. त्या फोटोत जे दिसत नाही, जे पलीकडे उभं राहून तुम्हाला हलू नका म्हणत होतं, त्या माणसाला आठवा. आणि जमलं, तर कॅमेरा त्याच्या हातातून घ्या, आणि एकदा त्याला पुढे उभं करा.