चुलीचे मत

टॅम्सिन वीलच्या पत्राला लस्कम मास्तरांनी उत्तर दिले नव्हते. जिल्ह्याच्या तुरुंगातून आलेले ते पत्र त्यांनी एका जाड पुस्तकाखाली सरकवून ठेवले होते. पत्र चारच ओळींचे होते. शेवटची ओळ अशी : ‘माझ्या हातचं खाऊन बाबा मेले का, एवढं तरी कळवा.’

याला काय लिहावे, ते मास्तरांना सुचत नव्हते. टॅम्सिनने बापाला विष घातले, असे सारे वेदरकोम्ब गाव म्हणत होते. मास्तरांना ते पटत नव्हते. पण आपल्या पटण्या न पटण्याला काही किंमत आहे, हेही त्यांना कधी पटले नव्हते.

पत्र सापडले ते ओबडाया पेथ्रिकला. लंडनमध्ये चोर-खुनी पकडण्यात उमेदीची वर्षे घालवलेला हा मास्तरांचा बालमित्र आता खासगी तपास करी, आणि चार दिवस विश्रांतीला आला होता.

“हे काय आहे, हम्फ्री?”

“ते... उत्तर द्यायचं राहिलंय.”

“बाई फासावर जायची वेळ आली, आणि तुझं उत्तर राहिलंय?” पेथ्रिकने खुर्ची ओढली. “बस. पहिल्यापासून सांग.”

मास्तर वेदरकोम्बच्या निवडणुकांचा इतिहास लिहीत होते. त्यामुळे पहिल्यापासून सांगणे त्यांना एकाच प्रकारे जमे.

“आमच्या गावात चुलीचं मत आहे. ज्याची स्वतःची चूल, आणि त्या चुलीवर स्वतःचं भांडं उकळतं, त्याला पार्लमेंटचं मत. एकदा दोन भावांनी एका खोलीत भिंत घालून दोन चुली मांडल्या होत्या. मात्र वर्षभरात गावचं धर्मादाय धान्य घेतलं, तर मत गेलं.”

“आणि म्हातारा?”

“सायलस गॉलर. छपरं शाकारायचा. तरुणपणापासून त्याला मत होतं, पण ते कधी द्यायलाच मिळालं नाही. जमीनदारसाहेब दोन माणसं उभी करायचे, विरोधात कुणी नसायचं, की झाले खासदार. यंदा प्रथमच मतदानाचा कायदा बदलू पाहणारे सुधारणावाले उभे राहिले. नवा कायदा आला तर आमचा मतदारसंघच बुडणार, चुलीच्या मतासकट. तरी सायलस म्हणायचा, मी त्यांनाच देणार. एकदा तरी चव्हाट्यावर उभा राहून मोठ्यानं आपल्या उमेदवाराचं नाव घेणार.”

“आणि?”

“मतदानाच्या आदल्या दिवशी तो घरात मेलेला सापडला. उलट्या, आकडी. डॉक्टर म्हणाले, विष. शेजारी टॅम्सिनच्या सुपाचा रिकामा डबा. ती विधवा आहे, तीन पोरं आहेत. रोज दुपारी ती बापाला बार्लीचं सूप आणून द्यायची. तिच्या फडताळात उंदराचं औषध सापडलं.”

“ते तर प्रत्येक घरात सापडेल. तिनं का मारावं?”

“सुधारणावाले म्हणतात, जमीनदाराच्या माणसानं तिला फितवलं. जमीनदाराची माणसं म्हणतात, म्हाताऱ्याला पोसून ती कंटाळली. जमीनदाराचे उमेदवार एका मतानं निवडून आले.”

“म्हणजे दोन्ही पक्षांचं एकमत एवढ्याच बाबतीत झालं.” पेथ्रिकने टोपी घेतली. “चल.”

*

सायलसची शेजारीण चब्बबाई डुकरापाशी उभी होती. डुक्कर असे गुटगुटीत होते, की पेथ्रिक थबकलाच.

“काय खायला घालता हो याला?”

“मी काय घालणार? बटाट्याची सालं आम्हीच खातो. देवाची कृपा म्हणा. हिवाळ्यापासून नुसता फुगतोय.” तिने मास्तरांकडे पाहिले. “या मास्तर! तुमच्यापेक्षा हाच अंगानं भरलाय बघा.”

मास्तर लाजून भिंतीकडे बघू लागले. सायलसच्या आणि तिच्या अंगणामधली ती भिंत कमरेएवढी होती. वर चिमण्या काहीतरी टिपत होत्या.

“मेल्यावर सायलसला कुणी आंघोळ घातली?” पेथ्रिकने विचारले.

“मीच. दुसरं कोण येतंय? नुसती हाडं, साहेब. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली होती. आणि नखांत काळा चिखल. म्हटलं, बाबा, आमची माती तांबडी, तू कुठं उकरायला गेला होतास?”

“नजर कशी होती?”

“मोतीबिंदू. रोज सकाळी माझ्या डुकराला म्हणायचा, नमस्कार चब्बबाई!” ती हसली, आणि मग तिला हसू आवरावे लागले. “त्या दिवशी मात्र खुशीत होता. भिंतीवरून म्हणाला, आज भांड्यात पार्सनिप आहे, उद्या उभं राहायला ताकद पाहिजे.”

“मे महिना लागता लागता पार्सनिप? ते पांढरं मूळ तर हिवाळ्यातलं,” पेथ्रिक म्हणाला.

“असेल बाबा कुणाकडे. आमची तर मार्चातच संपली.”

मास्तरांना वाटले, आपला मित्र उगाच भाजीपाल्यात शिरतो आहे.

*

जमीनदाराचा निवडणूक-कारभारी हेक्स्ट गावच्या सराईत बसून मटण खात होता.

“त्या म्हाताऱ्याला मारायचं मला काय कारण? त्याच्या मताची मला जराही भीती नव्हती.”

“एका मतानं जिंकलात, तरी?”

“तरी.” हेक्स्टने दात कोरले. “रोज माझा माणूस जाऊन बघायचा, भांडं उकळतंय का. उकळत होतं. उकळू दे म्हटलं.”

“भांड्यात काय आहे ते बघायचा?”

“धूर आणि वाफ बघायची असते, साहेब. स्वयंपाक चाखायचा नसतो.”

धर्मादायाचे धान्य वाटण्याचे काम यो नावाच्या किराणा दुकानदाराकडे होते. तो आपल्याच दुःखात होता.

“टॅम्सिनचं काय सांगू? दर शनिवारी पाच तोंडांची बार्ली न्यायची. देणारा मीच, आणि गाव मलाच चिक्कू म्हणतं. त्यात गाय मेली माझी. ओढ्याचा गाळ काढला, मुळं काठावर टाकली, गायीनं तोंड लावलं आणि तिथंच पाय झाडून मेली.”

“कसली मुळं?”

“पांढरी, जाड, बोटांसारखी. जनावरं त्यानं मरतात हे पोराटोरांना ठाऊक आहे. उचलायला सांगितली होती मी. कुणी उचलतंय?”

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “कुणीच काही उपयोगाचं बोललं नाही.”

“सगळेच बोलले,” पेथ्रिक म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

*

सायलसच्या खोलीचे कुलूप कॉरोनरसाहेबांनी स्वतः उघडले. मृत्यूची चौकशी त्यांचीच होती. पेथ्रिकने बोलावलेले हेक्स्ट, यो आणि चब्बबाईही आत आले. खोलीत एक खाट, एक स्टूल आणि चूल. चुलीवरचे भांडे कुणी हलवले नव्हते.

पेथ्रिकने ते उजेडात धरले. “साहेब, आत बोट फिरवा. काय लागतं?”

“पांढरा थर. पाण्याचा क्षार. तळाशी एक वाळका तुकडा.”

“चरबी? पिठाचा डाग? मीठ?”

“काही नाही.”

“रोज उकळणारं भांडं आहे हे. कित्येक आठवडे यात नुसतं पाणी उकळलं. धूर हवा, वाफ हवी, बघायला येणाऱ्याला भांडं उकळताना दिसायला हवं. म्हाताऱ्याचं मत त्यावर अवलंबून होतं. शिजवायला त्याच्याकडे काही नव्हतं.”

“पण सूप?” मास्तर म्हणाले. “टॅम्सिन रोज सूप आणायची.”

“धर्मादायाच्या बार्लीचं. ते पोटात गेलं तर आपण धर्मादाय खाल्लं, मत गेलं, असं त्यानं धरलं. मुलीला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. तो डबा घ्यायचा, ती गेली की भिंतीवरून ओतायचा.” त्याने दारातून बोट केले. “भिंतीवर चिमण्या बार्ली टिपतायत. आणि पलीकडे चब्बबाईंवर देवाची कृपा झालीय.”

चब्बबाईने तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरला.

“शेवटच्या दिवसाचा डबाही रिकामाच सापडला. त्यात विष असतं तर डुक्कर मेलं असतं.”

“आणि त्या दिवशीचं त्यानंच खाल्लं असेल तर?” कॉरोनर म्हणाले.

“मग त्याला पार्सनिपची गरज पडली नसती. दुसऱ्या दिवशी चव्हाट्यावर उभं राहायचं होतं, पाय थरथरत होते. दान नसलेलं असं काहीतरी पोटात हवं होतं. तो ओढ्यावर गेला. काठावर पांढरी, जाड मुळं पडलेली. धडधाकट नजरेचा माणूस त्यांना हात लावत नाही. हा डुकराला चब्बबाई म्हणणारा. चाचपून त्याला वाटलं, पार्सनिप. नखांत ओढ्याचा काळा गाळ गेला.” त्याने भांड्याच्या तळातून वाळलेला पांढरा तुकडा काढून योपुढे धरला. “ओळखता?”

यो मागे सरला. “माझी गाय यानंच मेली.”

कॉरोनरसाहेबांनी तो तुकडा रुमालात गुंडाळला.

“म्हणजे एका मतासाठी,” कॉरोनर म्हणाले.

“नाही साहेब. तेवढंही नाही.” पेथ्रिक योकडे वळला. “टॅम्सिन आणि तीन पोरं. चार तोंडं. तुम्ही पाच म्हणालात. पाचवं कुणाचं?”

योने टोपी कुरवाळली. “नाताळपासून... तिनं पाय धरले माझे. म्हणाली, म्हातारा उपाशी आहे, त्याच्या नावानं थोडी वाढवून द्या, त्याला सांगू नका. मी दिली. दयेपोटी दिली हो!”

“आणि ते कुणाला सांगितलंत?”

योऐवजी उत्तर हेक्स्टने दिले. “मला. कायदाच आहे. त्याच्या नावानं धान्य निघालं, तेव्हाच मत गेलं. तो मत द्यायला उभा राहिला, की मी हरकत घेणार होतो. तोवर म्हटलं, उकळू दे म्हाताऱ्याचं भांडं.”

मास्तर स्टुलावर बसले. गावातल्या मताचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यांनी वाचला होता, आणि या चुलीजवळून ते रोज शाळेत जात होते. वाफ त्यांनीही पाहिली होती.

“बाई सुटेल,” कॉरोनर हळू म्हणाले. “मी आजच न्यायाधीशांना लिहितो. पण यो, तुम्हाला आणि हेक्स्टना शपथेवर सगळं सांगावं लागेल. नाव, धान्य, सगळं.”

*

घरी मास्तरांनी कागद पुढे घेतला.

“फक्त ‘नाही’ लिही,” पेथ्रिक म्हणाला. “तिनं विचारलंय त्याचं उत्तर तेवढंच आहे.”

मास्तरांनी लिहिले : ‘नाही. तुमच्या हातचं त्यांनी काहीच खाल्लं नाही.’ मग ते वाक्य वाचून ते थांबले. “ओबडाया, ही तिला सोडवणारी ओळ आहे. किती वाईट आहे बघ.”

“दुसरी कुठली आहे?”

“आणि पाचव्या तोंडाचं?”

“नको लिहूस. कोर्टात कळेलच.”

“कोर्टात हेक्स्ट सांगेल. दात कोरत.” मास्तरांनी पेन पुन्हा शाईत बुडवले.

त्यांनी सगळे लिहिले. बार्ली, भिंत, ओढा, नाताळ. तिने प्रेमाने केले, त्याने मानासाठी केले, आणि दोघांनी एकमेकांपासून लपवले, हेही लिहिले. शेवटी समाधानाचे एखादे वाक्य घालावे म्हणून ते फार वेळ बसले. खरे असे एकही सुचले नाही. त्यांनी सही केली.

टपाल सराईच्या खिडकीत घेत. टपालाचे पैसे तुरुंगात तिच्याकडून मागू नयेत म्हणून मास्तरांनी ते आधीच भरले. खिडकीतल्या बाईने पत्त्यावरचे नाव वाचले आणि वर पाहिले.

“त्या बयेला लिहिता, मास्तर? विष घालणारीला?”

“तिनं विष घातलं नाही,” मास्तर म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात ते शाळेबाहेर कधी बोलले नव्हते. सराईतली माणसे वळून पाहू लागली.

बाईने खांदे उडवले आणि पत्र पिशवीत टाकले.