घरचे दात

इंग्लंडच्या राजाच्या काळात थॉर्पवुड मालकांना मिळालेल्या जमिनीची शीव एका सायप्रसच्या झाडापाशी संपत होती, आणि सँटी नदीच्या दलदलीत ते झाड नेमकं कुठे उभं आहे हे आता फक्त बेनेबाला ठाऊक होतं. तिचा बाप मिंगो वीस वर्षांपूर्वी मोजणीची साखळी खांद्यावर घेऊन तिथवर गेला होता. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीच्या तीन खाचा त्यानेच घातल्या होत्या. पुढे मधाच्या निमित्ताने तो लेकीलाही त्या बाजूला नेत राहिला. फेब्रुवारीत मिंगो मेला. राजाचा अंमल तर आधीच गेला होता. साउथ कॅरोलिनात आता लोकांचं राज्य होतं, नवी कोर्टं बसली होती, आणि शेजारच्या मळेवाल्याने शिवेचा वाद उकरून काढला होता. झाड सापडलं नाही, तर तीन हजार एकर त्याच्या घशात जाणार होते.

म्हणून एप्रिलच्या अखेरीस थॉर्पवुड मालक स्वतः निघाले. बरोबर मोजणीवाला हॉब्ज, होडी हाकायला म्हातारा क्वॅश आणि वाट दाखवायला व स्वयंपाकाला बेनेबा.

"झाड दाखवलंस की तू गुलामीतून मोकळी," मालकांनी धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगितलं आणि छातीवरची मेणकापडाची पुडी थोपटली. "कागद बरोबर घेतलाय."

होडीत सामान रचताना हॉब्ज हळूच तिला म्हणाला, "कागद मीच लिहिलाय. खोटा नाही. खाली सही तेवढी राहिलीये."

हॉब्ज गोरा होता, पण त्याच्या बुटांना तिच्यासारखीच भोकं होती. त्याचं बोलणं तिने खरं मानलं.

निघण्याआधी ती बापाच्या थडग्यावर जाऊन आली होती. मेलेल्या माणसाने शेवटी वापरलेल्या वस्तू फोडून थडग्यावर ठेवायच्या, त्याचं म्हणून जे असेल ते त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं, नाहीतर तो शोधत फिरतो, अशी त्यांची रीत. मिंगोच्या मातीवर पेजेचा फुटका वाडगा होता, लाकडी चमचा होता, मातीच्या चिलमीचे तुकडे होते. चिलमीच्या नळीचा बोटभर तुकडा मात्र तिने स्वतःकडे ठेवला होता, डोक्याच्या फडक्याच्या गाठीत. रीत मोडल्याची बोच होती. तरी तिने तो परत ठेवला नाही.

पहिला दिवस सोपा गेला. पाणी काळं आणि निवांत होतं, सायप्रसची मुळं पाण्यातून गुडघ्यांसारखी वर आलेली, फांद्यांवरून राखाडी शेवाळ दाढीसारखं लोंबत होतं, आणि कुठेतरी लांबवर सुतार पक्षी लाकूड ठोकत होता. मालक होडीच्या मध्यावर खुर्चीत बसले होते. दहा दिवसांनी त्यांना चार्ल्सटनच्या सभेत भाषण करायचं होतं. देशाच्या नव्या घटनेवर तिथे मत द्यायचं होतं. ते झाडांना उद्देशून सराव करत होते.

"गृहस्थहो, आम्ही कुणाचे गुलाम म्हणून जगणार नाही! राजाचे नाही, आणि दूरच्या कुठल्या सरकारचेही नाही!"

क्वॅशने वल्हं पाण्यात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"आवाज छान लागतोय, साहेब," हॉब्ज म्हणाला. "गेल्या वर्षी तुमचं बोलणं कळायचं नाही."

"कवळी नवी आहे. चार्ल्सटनच्या फ्रेंच दातवाल्याने बसवली." मालक हसले. "दात मात्र घरचेच."

परसातल्या भेंडीबद्दल सांगावं, तसं ते म्हणाले.

ती कवळी हिरड्यांना घासत असे. जेवण झालं की मालक ती काढत आणि धुवायला देत. घरी हे काम नोकराचं होतं, इथे ते बेनेबाकडे आलं. हस्तिदंताचा पट्टा, त्यात सोन्याच्या तारेने बांधलेले सहा दात, आणि दातांच्या फटींत अडकलेलं डुकराचं मांस. लाळेची तार तिच्या बोटांवर यायची. तोंड फिरवून ती राखेने घासायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हाचा एक पट्टा नेमका तिच्या हातावर पडला, आणि कडेच्या दोन दातांमध्ये तिला एक गोल खोबण दिसली.

अशी खोबण किडीने होत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी चिलीम धरली, की मातीची नळी दात झिजवते. बा डावीकडे धरायचा. त्या खोबणीतून तो शिट्टी वाजवायचा, आणि लहानपणी ती हसून लोळायची.

तिने पाठ वळवली. फडक्याची गाठ सोडून नळीचा तुकडा काढला आणि दोन दातांमध्ये धरला.

बरोबर बसला.

होडीच्या कडेवरून वाकून ती ओकली.

"काय झालं तिला?" मालकांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"ऊन लागलं असेल," हॉब्ज म्हणाला.

तिने कवळी स्वच्छ पुसली आणि मालकांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवला आणि जर्दाळू मागितलं.

संध्याकाळी चिखलातून होडी ओढताना ती आणि क्वॅश एकाच दोरीला होते.

"काका, बाचे दात कसे गेले?"

"म्हातारपणाने जातात."

"सहा एकदम?"

दोरी ताणली गेली.

"काका, मी ते आज धुतलेत."

तो थांबला. गुडघाभर चिखलात उभा राहून त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "डोकं मीच धरलं होतं, पोरी. मला धरायला लावलं. दारूचा एक घोट दिला त्याला, बस. दातवाला म्हणत होता, असे मजबूत दात फार दिवसांत पाहिले नाहीत."

"आणि तू बोलला नाहीस."

"तुझ्या बानेच शपथ घातली. म्हणाला, पोरीला सांगू नको, ती मालकाच्या घरात काम करते, तिला रोज ते तोंड बघावं लागेल."

बा चार्ल्सटनहून तोंडाला फडकं बांधून आला होता. दात किडले होते म्हणाला. मग जबडा सुजला, पू झाला. तो भाकरी पाण्यात भिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा. शेवटी शेवटी नुसती पेज. मळ्याच्या वहीत मरणाचं कारण 'ताप' असं लिहिलं गेलं.

"ओढा रे!" होडीतून मालक ओरडले. बाच्याच दातांतून ओरडले.

दोघांनी दोरी ओढली.

तिसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलला. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असावा. काळं पाणी तांबूस झालं, मग पिवळं, मग त्याला आवाज आला. सापांनी झाडं गाठली. एका फांदीवर पांढऱ्या तोंडाचे तीन साप गुंडाळून बसले होते आणि होडी त्यांच्याखालून हातभर अंतराने गेली.

"मागे वळू," क्वॅश म्हणाला.

"झाड किती लांब?" मालकांनी विचारलं.

"एक वळण," बेनेबा म्हणाली.

तिला कागद हवा होता. बाचे दात कळल्यावरही हवा होता, आणि हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. त्या किळसवाण्या हाताची सही असली तरी सही हवी होती.

मालकांनी दुपारचं खाणं होडीतच उरकलं आणि कवळी तिच्या हातात दिली. ती पाण्यावर वाकली, आणि तेवढ्यात क्वॅश ओरडला.

ओंडका! अख्खं झाड मुळांसकट प्रवाहातून येत होतं. क्वॅशने वल्हं रोवलं. वल्हं मोडलं. होडी आडवी झाली. धक्का बसला आणि आभाळ खाली गेलं!

पाणी नाकात. पाणी कानात. कुणाचा तरी बूट तिच्या खांद्यावर आदळला. कवळी मुठीत होती. तिने ती डोक्याच्या फडक्यात खुपसली आणि दोन्ही हात मोकळे केले. एक मूळ सापडलं. ते निसटलं. दुसरं सापडलं. ते तिने सोडलं नाही.

डोकं वर काढलं तर मालक समोर गटांगळ्या खात होते. कोट फुगला होता, तोंड नुसतं उघडझाप करत होतं. त्यांच्या पलीकडच्या चिखलावरून एक मगर सावकाश पाण्यात उतरली.

बेनेबाने हात पुढे केला नाही. एक श्वास. दोन श्वास. मग तिला छातीवरची पुडी दिसली, आणि तिने त्यांची कॉलर धरली. पलीकडून क्वॅशने त्यांचा पट्टा पकडला. दोघांनी त्यांना ओढत, ढकलत, उंचवट्यावर आणून टाकलं. हॉब्ज आधीच तिथे खोकत बसला होता. होडी खालच्या बाजूला दोन झाडांत उलटी अडकली होती.

उंचवट्याच्या टोकाला एक प्रचंड सायप्रस उभा होता. बेनेबा उठली, बुंध्यावरचं शेवाळ हाताने बाजूला सारलं. तीन खाचा, साल भरून येऊन ओठांसारख्या जाड झालेल्या.

"हे घ्या तुमचं झाड, मालक."

मालकांनी झाडाला मिठी मारली. ते काहीतरी बोलले, पण तोंडातून नुसती फसफस आली. ते पुन्हा बोलले.

"कवळी कुठाय, विचारतायत," हॉब्ज म्हणाला.

"पाण्यात गेली," बेनेबा म्हणाली.

फसफस वाढली. लाळ हनुवटीवरून गळत होती. हॉब्ज कान देऊन ऐकत राहिला.

"म्हणतायत, आठ दिवसांनी सभेत उभं राहायचंय. कवळी शोध. आधी दात, मग सही."

"झाड दाखवलं की सही, असं ठरलं होतं."

"मला माहितीये काय ठरलं होतं," हॉब्ज जमिनीकडे बघत म्हणाला.

ती पाण्यात उतरली. उंचवट्याच्या आडोशाला धार मंद होती, पण थंडी हाडात शिरत होती. तिने बुडी मारली, मुळाला धरून खाली थांबली, वर आली. नाही. पुन्हा. नाही. क्वॅश मगरीवर नजर ठेवून काठी आपटत उभा होता.

चौथ्या बुडीला ती खाली जास्त वेळ राहिली. फडक्यातली तार कपाळाला टोचत होती. वर जायचं, मूठ उघडायची, सापडली म्हणायचं. एवढंच. मग सही, मग स्वतःच्या पायांनी हवं तिकडे जाणं. आणि बा सभेत उभा राहणार. गृहस्थहो, आम्ही कुणाचे गुलाम म्हणून जगणार नाही. जेवणानंतर दुसरं कुणीतरी त्याला राखेने घासणार.

ती वर आली. "नाही, मालक."

सातव्यांदा ती थरथरत बाहेर पडली तेव्हा हॉब्ज तिच्याकडे बघत होता. कपाळावर. तो जवळ आला, आवाज खाली आणला.

"फडकं नीट बांध. सुटायला आलंय."

मग मालकांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "साहेब, तळ नुसता गाळ आहे. अख्खं चर्च गिळेल. सोडा."

मालकांनी पुडी कोटाच्या आत सरकवली. मग त्यांना काहीतरी सुचलं. ते बेनेबासमोर आले, अंगठ्याने तिचा वरचा ओठ उचलला आणि वाकून पाहिलं. खालचा ओठ ओढला. अंगठ्याला तंबाखूचा आणि चिखलाचा वास होता. घोड्याचे बघतात तसे त्यांनी तिचे दात मागपर्यंत पाहिले, आणि मान डोलावली.

हॉब्जला सांगायला वेळ लागला. "म्हणतायत... सोमवारी चार्ल्सटन. दातवाल्याकडे. तू सहा दे, ते सही देतील." तो थुंकला. "साहेबांचा सांगावा आहे. माझा नाही."

"बरं, मालक," बेनेबा म्हणाली.

होडी सरळ करून, फांद्यांची वल्ही करून ते शनिवारी परतले. पाणी अजून चढतच होतं. तांदळाची शेतं, बांध, वाटा, सगळं एक झालं होतं.

रविवारी सकाळी मालकांच्या घरचे सगळे चर्चमध्ये गेले. बेनेबाने थडग्याच्या डोक्याकडची माती हातभर उकरली. तार तोडून सहा दात मोकळे केले, आणि एकेक करून, माणूस चावतो त्या ओळीने खाली मांडले. खोबणीचे दोन डावीकडे. त्या दोघांमध्ये नळीचा तुकडा ठेवला. हस्तिदंत तिने शेणाच्या खड्ड्यात फेकला.

माती लोटल्यावर पेजेचा वाडगा आणि चमचा तिने उचलून बाजूला केला. कमरेच्या फडक्यातून मक्याची भाकरी काढली. तव्यावर मुद्दाम कडक केलेली, कडेला जळालेली, त्याला आवडायची तशी. अर्धी मोडून मातीवर ठेवली.

"आता भिजवू नकोस, बा."

क्वॅश बांधाआड होडीत बसला होता. "चल, पोरी. पाणी आहे तोवर पायांचा माग राहत नाही. कुत्र्यांना वास नाही."

"झाडापर्यंत मी नेते."

"आणि पुढे?"

"पुढे बा जायचा तिकडे. मध काय इतक्या लांब मिळतो, काका? तिकडे मळ्यांवरून पळालेली आपली माणसं आहेत."

म्हातारा पहिल्यांदाच हसला आणि त्याने वल्हं उचललं.

मळ्यावरचं धुराडं झाडांमागे गेलं तेव्हा तिने उरलेली अर्धी भाकरी काढली. ती दगडासारखी झाली होती. तिने ती दाढेखाली धरली, मोडली आणि सावकाश, कडकड आवाज करत, शेवटच्या कणापर्यंत चावून खाल्ली.