उंबऱ्यावरचा पेंढा

मी साठीत लिहायला शिकले. खोटं रचून लिहावं एवढा हात अजून बसलेला नाही. घडलं तेच सांगते.

हार्लेम शहराच्या बाहेरचं एक गाव. नाताळच्या आधीची संध्याकाळ. कालवा गोठलेला आणि धुकं असं, की हाताला हात दिसेना.

आम्ही तिघं दारोदार वाजवत फिरायचो. नवरा बारेंट मूठ फिरवून चाकाचं वाद्य वाजवायचा. दीर वोल्फर्ट व्हायोलिन वाजवायचा. मी गायचे.

आदल्या हिवाळ्यात बारेंटच्या पायाची बोटं थंडीनं गेली होती. पाय गेले की फिरणं गेलं, फिरणं गेलं की पोट गेलं.

चालता चालता त्याच्या पायात पेंढ्याची जुडी आली. त्यानं ती सुटी करून उबेसाठी आपल्या लाकडी जोड्यांत कोंबली.

"देवानं पाठवली गं!"

"देवाला दादाचेच पाय दिसतात. माझी फाटकी टोपी नाही दिसत," वोल्फर्ट म्हणाला.

समोरच दार होतं. आम्ही सुरू केलं.

दार वर-खाली दोन फळ्यांचं. वरची फळी उघडली...

आत अंधार. चेहरा नाही.

फक्त लाकडी जोड्यांचा ठेका. टक... टक... टक...

"वहिनी, गिऱ्हाईक रंगात आलंय!"

गाणं संपलं.

ठेका थांबला नाही...

तेवढ्यात शेजारीण कंदील घेऊन धावत आली. "लाजा सोडल्यात का रे? आत तेउनिसचं मढं आहे! उंबऱ्यावरचा पेंढा दिसला नाही?"

मयताच्या दारात पेंढा ठेवतात. त्या दारी वाजवायचं नाही, हे आमच्यात पोरंही जाणतात.

मी बारेंटच्या पायांकडे पाहिलं.

"काढ तो, म्हाताऱ्या! ठेव जागेवर!" शेजारीण ओरडली.

त्यानं जुडी बांधून उंबऱ्यावर ठेवली.

"पण आत जोडे वाजत होते," वोल्फर्ट पुटपुटला.

"कसे वाजतील? त्याचे जोडे सकाळीच माझ्या नवऱ्यानं नेले. आणि आत दुसरं कुणी नाही."

फळी हळूच मिटली...

त्या रात्री बारेंट म्हणाला, "आता पायांना थंडी वाजत नाही."

मी हात लावला. बर्फ.

झोपेत ते पाय ठेका धरत होते.

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाआधीच तो गेला. आमच्या खोपटाच्या उंबऱ्यावर पेंढा मी स्वतः ठेवला.

सकाळी उंबरा मोकळा होता...

आता मी एकटी राहते. दाराच्या वरच्या फळीला खिळे ठोकलेत. तरी धुकं पडलं की बाहेर चाकाची घरघर सुरू होते. कडव्याच्या जागी थांबते. मी गावं म्हणून बारेंट थांबायचा, अगदी तशीच.

मी ओठ घट्ट मिटून बसते.

पण काल खाली पाहिलं...

माझे पाय ठेका धरत होते.