डावा पट्टा

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. वेळ पक्की, कारण छकुलीचा डोळा नुकता लागला होता आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

बाईचं काम बॅगा दुरुस्तीचं. खिडकीशी मशीन, भिंतीत जाड लोखंडी हूक, पायाशी रांगणारी पोर छकुली आणि कोपऱ्यात सासूबाई. गल्लीत तिला सगळे टाकेवालीच म्हणायचे. दारात उंच, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. हातात डोंगर चढणाऱ्यांची असते तसली मोठी सॅक. रंग पार विटलेला, तळ घासून पातळ झालेला, चेनीत माती अडकलेली आणि डावा पट्टा मधोमध तुटलेला.

त्याने सांगितलं ते असं. सॅक त्याच्या दोस्ताची. दोघं वर्षानुवर्षं बरोबर डोंगर चढले. यंदा दोस्त कड्यावरून घसरला. सॅक झुडपात अडकली म्हणून तो तिच्या आधाराने थोडा वेळ लोंबकळला, मग पट्टा तुटला आणि तो गेला. आता त्याची आई सॅक मागते आहे. म्हातारीला बघवेल अशी नीट करून हवी.

"ओझ्याने तुटला पट्टा," तो म्हणाला. बाईने तर काही विचारलंच नव्हतं.

तो गेल्यावर तिने पट्ट्याच्या टोकावरून बोट फिरवलं. ओझ्याने तुटलेल्या पट्ट्याला दशा निघतात. हे टोक सुरीने कापल्यासारखं गुळगुळीत होतं. तिने सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आपण टाके घालायचे, पंचनामे नाही.

मग तिने नेहमीसारखंच काम केलं. सॅक घासून धुतली, वाळवली, तळाला नवं कापड लावलं. पट्ट्याचं टोक कात्रीने बोटभर छाटलं, कारण ताज्या कडेवरच टाका नीट बसतो. मध्ये नवा तुकडा घातला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दाभणाने दुहेरी टाके घातले. शेवटी वाळूच्या पिशव्या भरून सॅक रात्रभर हुकाला टांगली. तिच्या हातचा कुठलाही पट्टा असा ताणून बघितल्याशिवाय घराबाहेर जात नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वाळू काढली आणि रिकामी सॅक परत हुकाला लावली. ती सैल पडायला हवी होती. पडली नाही. पट्टा तसाच ताठ, टाके करकरत होते, हूक भिंतीतून खाली वाकत होता. घरात ओल्या मातीचा आणि शेवाळाचा वास सुटला.

छकुली रांगत सॅकखाली गेली आणि उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले.

उजवा पट्टा हळूच खाली आला. पोरीच्या काखेत शिरला. तिचे गुडघे जमिनीवरून सुटले… आणि ती हसत होती.

बाईने धावत जाऊन पोरीला कमरेला धरलं. वरून ओढ होती, माणसाच्या हाताची असावी तशी.

"सोड तिला…" ती सॅककडे बघून म्हणाली. "तिने तुझं काय केलंय? ज्याने पट्टा कापला त्याला धर. उद्या येतोय तो. मीच चढवीन त्याच्या खांद्यावर…"

पट्टा ढिला पडला. सॅक साध्या कापडासारखी लोंबू लागली.

दुसऱ्या दिवशी तो आला त्याआधी तिने सासूबाईंना पोरीला घेऊन शेजारी पाठवलं. त्याने पट्टा उलटसुलट बघितला. जोड कळत नव्हता. तो खूश झाला, तुमच्या हातात जादू आहे म्हणाला.

"खांद्यावर चढवून बघा, भाऊ. माप बघितल्याशिवाय मी देत नाही."

त्याने सॅक चढवली. छातीवरचं बक्कल खट्‌कन लागलं. दोघांपैकी कुणाचाच हात तिथे नव्हता.

"ताई, यात काय भरलंय?"

"काही नाही. रिकामी आहे."

त्याची मान मागे ओढली गेली. टाचा फरशीवर घासत तो दाराकडे सरकू लागला. "कात्री… ताई, पट्टा कापा…" कात्री तिच्या हाताशीच होती. तिला पोरीचे उचललेले गुडघे आठवले. तिने हात मागे घेतला.

दाराबाहेर पायऱ्या तीनच, त्यांवरून तो पाठीवर पडला आणि जागीच गेला. पण डॉक्टर म्हणाले, एवढी हाडं फार उंचावरून पडल्याशिवाय मोडत नाहीत. सॅक त्याच्या पाठीवर नव्हती. कुठेच सापडली नाही.

बाईला वाटलं, सुटलो आपण. मग संध्याकाळी झाडताना मशीनखाली तिला छाटलेला बोटभर तुकडा मिळाला. त्याची एक कड सुरीची होती. दुसरी तिच्या कात्रीची.

ज्याने पट्टा कापला त्याला धर, असं तिनेच सांगितलं होतं.

तेव्हापासून ती पायऱ्या उतरत नाही. सगळं सामान सासूबाईच आणतात. डावा खांदा दिवसेंदिवस खाली चालला आहे. आणि छकुलीला कडेवर घेतलं की पोर आईच्या पाठीमागे बघते, हसते आणि उचलून घ्या म्हणून हात पुढे करते.

तुमच्या ओळखीत कोणी बॅगा शिवत असेल, तर त्यांना एवढा निरोप पोचवा. गुळगुळीत टोकाचा पट्टा आला, तर कात्री लावू नका. आणि घरात लहान मूल असेल तर दारच उघडू नका.