भित्र्याच्या हाती चावी

स्वानंदला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोकलेनपासून वीस हात लांब, छत्री धरून उभा होता. मशीन बंद होतं. तरीही.

"चावणार नाही ते," पिकअपमधून उतरत मी म्हटलं.

"तुम्ही... वेल्डर? मला वाटलं, दगडू वेल्डिंग म्हणजे—"

"दगडू माझे बाबा. मी नयन. निराश झालात?"

"नाही, नाही!" तो इतक्या जोरात म्हणाला की छत्री कलली आणि वरचं सगळं पाणी त्याच्याच कॉलरमध्ये गेलं.

खडवलीला नदीजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. स्वानंद डोंबिवलीचा, सुपरवायझर म्हणून लागून जेमतेम आठवडा झालेला. पोकलेनच्या बूमला, म्हणजे त्या लांब लोखंडी हाताला, पोटाकडून तडा गेला होता. जिथे मशीन बंद पडेल तिथे आमची पिकअप जाते. मागे डिझेलवरचं वेल्डिंग मशीन, सिलिंडर, रॉडची खोकी. घोडबंदरपासून खडवलीपर्यंतचे फोन बाबा बाळकुमच्या घरी बसून घेतात, कारण त्यांना आता उजवा पाय गुडघ्याखाली नाही.

चार वर्षांपूर्वी ते असेच एका बूमखाली होते. ऑपरेटर मोठा धाडसी, हाताचा चपळ. काम झालं असं त्याला वाटलं आणि त्याने मशीन चालू केलं. तेव्हापासून बाबांचा एकच नियम आहे. "बूमखाली जाताना चावी भित्र्या माणसाच्या हातात द्यायची, पोरी. शूर माणूस इसरतं."

आणि खरं सांगू? मी स्वतः पहिल्या नंबरची भित्री आहे. बूमखाली सरपटण्याआधी दर वेळी खालचा टेकू तीनतीनदा चाचपून बघते. कुणाला सांगत नाही. बाई वेल्डर, आणि वर घाबरते म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून फोनच बंद व्हायचे.

त्या दिवशी मी आजूबाजूला पाहिलं. ऑपरेटर धाकूकाका तंबाखू मळत होते. बाकीचे मोबाईलमध्ये. आणि हा... बंद मशीनपासून वीस हातांवर. मला एकदम हायसं वाटलं.

"हात पुढे करा." मी त्याच्या तळहातावर चावी ठेवली. "मी बाहेर येईपर्यंत ही कुणालाही द्यायची नाही."

"आणि दिली तर?"

"तर मी बाहेर येणार नाही."

तो पांढराफटक पडला. तासाभराने मी बाहेर आले तेव्हा तो तिथेच, तसाच उभा. त्याने मूठ उघडली, तर तळहातावर चावीचा लालभडक वळ. त्या वळाकडे मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

मग फोन सुरू झाले. बकेटचा दात हलतोय. पिन आवाज करतेय. एकदा तर, "नयन मॅडम, मशीनला ग्रीस लावायचं असतं का हो?"

"रोज लावतात. धाकूकाका लावतात."

"हो का... मग तुम्ही बघायला नाही येणार?"

गेले मी. मूर्खच आहे.

श्रावणात तो तडा पुन्हा उघडला. भुरभुर पाऊस, वर ताडपत्री, खाली रबराची चटई. बूम उचलून त्याच्याखाली जाडजूड लाकडी ठोकळे रचले, बॅटरीची वायर काढली आणि चावी स्वानंदच्या हातात दिली.

"नयन," एव्हाना मॅडम गळून पडलं होतं, "आज नको ना... मला बरं वाटत नाहीये."

"तुला कधी बरं वाटतं?"

"तू बाहेर आलीस की."

मी घाईघाईने मास्क खाली ओढला. गाल दिसायला नकोत.

अर्धं वेल्डिंग झालं, आणि बूम हलला.

फार नाही, बोटभर. धप्प आवाज झाला, ठोकळे करकरले, माझ्या मानेवर माती पडली. हॉस्पिटलमधले बाबा डोळ्यांपुढे आले... चादरीखाली एकाच पायाचा उंचवटा. कोपरांवर रखडत मी बाहेर आले आणि चिखलातच बसले. ठोकळे टिकले होते. मी जिवंत होते.

केबिनमध्ये स्वानंद बसला होता.

"मी कुणाला चढू दिलं नाही!" तो वरून म्हणाला. "धाकूकाका म्हणाले, असल्या सगळ्या मशीनना एकच चावी लागते, त्यांच्या खिशातपण एक आहे. मग माझ्या चावीचा काय उपयोग? म्हणून मीच सीटवर—"

"कोपर," मी म्हटलं.

त्याने पाहिलं. त्याचं कोपर लिव्हरवर होतं. जुनं मशीन ते. इंजिन बंद असलं तरी लिव्हर दाबला की बूम आपल्या वजनाने खाली बसतो.

हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. बॅटरीची वायर काढल्यावर मशीन चालूच होत नाही, चावी नुसती नावाला उरते, हेही नाही. निम्मी चूक माझी. मला तो तिथे उभा हवा होता, बस्स. कुणीतरी आपल्यासाठी घाबरतंय हे माहीत असलं की माझा हात थरथरत नाही.

तो खाली उतरला... घसरलाच. चावी माझ्यापुढे धरली. "दुसऱ्या कुणाला दे. मी नाही आता. तू मला इतकी आवडतेस, नयन, की काही सुचतच नाही... आणि मीच तुला—"

हे असं कळलं मला, चिखलात बसल्या बसल्या. मला पळून जायचं होतं. पण आत्ता गेले असते तर पुन्हा कधीच बूमखाली गेले नसते. त्याच्यासमोरही आले नसते.

मी त्याची मूठ मिटली, चावीसकट.

"सहा इंच राहिलंय."

"नयन, नको..."

"मलाही भीती वाटते, स्वानंद. दर वेळी वाटते. कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतेय. इथे खाली उभा राहा आणि बोलत राहा. काहीही बोल."

मी लिव्हर दोरीने करकचून बांधला, आणखी दोन ठोकळे रचले. धाकूकाकांनी निमूटपणे आपली चावीही त्याच्या हातात ठेवली.

तो वेल्डिंग मशीनच्या आवाजावर ओरडून बोलत राहिला. आईच्या कुळथाच्या पिठीबद्दल. लहानपणी लिफ्टला घाबरून चार मजले चढायचा, त्याबद्दल. आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. सहा इंच पुरे होईपर्यंत माझा हात एकदाही हलला नाही.

रविवारी तो बाळकुमला आला. शिक्षण, पगार, गाव, सगळं पाठ करून आला होता. बाबा कुबडी बाजूला ठेवून ओटीवर बसलेले. मी त्यांना सारं सांगितलं होतं, कोपरासकट.

"हात दाखव, पोरा."

स्वानंदने मूठ उघडली. आत धाकूकाकांची चावी होती. डोंबिवलीपासून तशीच घट्ट धरून आणलेली. बाबांनी ती उचलली आणि खालच्या लाल वळावरून अंगठा फिरवला.

"याला भीती हाय," बाबा मला म्हणाले. "चालंल."