ओळखदार

पोटच्या पोरीचे केस आपल्याहून पांढरे झालेले बघणं ही काही साधी गोष्ट नव्हे. शिरीष कारखानीसांवर ती पाळी आली होती. ते मेले तेव्हा अठ्ठावन्नचे होते, आणि समोर बसलेली रेवा आता सत्तरीला टेकली होती. बरं, उठून तिला जवळ घ्यावं, तर अंग होतं कुठे? एक कॅमेरा, एक माइक आणि एक स्पीकर, एवढाच त्यांचा देह.

"हे माझे बाबा वाटत नाहीत," रेवा डॉक्टरांना म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

शिरीषराव हबकलेच. "अहो, मी बाप आहे तिचा! मी तिची माफी मागत होतो. त्यात काय बिघडलं?"

डॉ. अन्वय लांजेकरांनी खुर्ची पुढे ओढली. पुनर्जागर केंद्रात अशा संतापाची त्यांना सवय होती.

"सरळ सांगा," शिरीषराव म्हणाले. उभा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलेला. आडवळणाचं बोलणं त्यांना खपत नसे. "मी स्वतःला गोठवून घेतलं होतं. मग हा खोका कुठून आला?"

"तुमच्या काळी दोन पंथ होते. एक म्हणायचा, माणूस गेल्या गेल्या त्याला गोठवा, दुरुस्तीचं पुढचे लोक बघतील. दुसरा म्हणायचा, देह हवाय कशाला? मेंदूचे पातळ पापुद्रे काढा, धागा न् धागा टिपा आणि यंत्रात उतरवा."

"त्यांना मी हसायचो. म्हणायचो, नकाशात कधी कुणी राहतं का?"

"राहावं लागतं. गोठवलेलं माणूस जागं करणं आजही कुणाला जमलेलं नाही. म्हणून आम्ही तुमच्या गोठलेल्या मेंदूचाच नकाशा काढला. रस्ते सगळे सापडले. पण कुठल्या रस्त्यावर किती वर्दळ होती, ते बर्फाने पुसून टाकलंय. राग किती चटकन यायचा, माया किती होती, भीती कशाची होती, ही वर्दळ आम्ही अंदाजाने भरतो. आठवणी त्याच राहतात, पण माणूस निराळा निघू शकतो. म्हणून कायद्याने ओळखदार लागतो. जवळच्या माणसाने 'हेच ते' म्हटलं की वर्दळ कायम होते."

"आणि 'हे नव्हेत' म्हटलं की?"

"पुसतो आणि नव्याने भरतो. तुमच्याआधी तुमच्याच नकाशातून तिघं निघाले. तिघांनीही पहिल्याच भेटीत माफी मागितली."

"अहो, मग तीच माझी खूण नाही का!"

"मलाही तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो? रेवाताई उद्या पुन्हा येणार आहेत. उद्याही त्या नाही म्हणाल्या, तर तुम्ही चौथे."

आता ती माफी कसली, तेही सांगायला हवं. लग्नानंतर वर्षभरात रेवा बॅग घेऊन माहेरी आली होती. नवरा मारतो म्हणाली. "आता तेच तुझं घर," असं म्हणून शिरीषरावांनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. ती बराच वेळ जिन्यात बसून होती, आणि ते दाराच्या आतल्या बाजूला उभे होते. कडी काढायला हात गेला नाही. पुढे दुखण्यात पडले, तरी फोन करून दोन शब्द बोलायची छाती झाली नाही. त्यापेक्षा मरण सोपं वाटलं. ती धावत आली तेव्हा त्यांच्या घशात नळी होती. गोठवून घेण्याच्या कागदांवर त्यांनी सही केली होती, ती त्या दोन शब्दांसाठी. उगाच जगायची हौस म्हणून नव्हे.

पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही आपली रीत. चाळीस वर्षं ती पाळली की गेलेल्याचा देवमाणूस होतो. रेवा दरवर्षी बापाच्या तिथीला अळूवड्या करत होती, पहिल्या भेटीत तिनेच तसं सांगितलं होतं, का तर बाबांना फार आवडायच्या! अळूने ज्यांचा घसा खवखवायचा आणि रविवारी मटण नसलं तर जे ताटावरून उठायचे, त्या बाबांना. त्या देवमाणसाने दार कधी लावलंच नव्हतं.

"थोडं सोंग केलं तर?" शिरीषरावांनी विचारलं.

"करा. पण एक ध्यानात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "रेवाताई 'हो' म्हणतील त्या क्षणी जे रस्ते चालू असतील, तेच कायमचे चालू राहतात. बंद असतील ते बंदच."

शिरीषरावांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. खरं बोलावं तर पुसले जाणार, आणि माफी पाचव्याच्या गळ्यात. सोंग करावं तर निदान जिवंत राहू, पुढेमागे काहीतरी वाट काढू. शिर सलामत तर पगडी पचास! इथे शिरच उरलं नव्हतं, पण जिवाची आशा वाईट. त्यांना फार भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी रेवा आली, तशी त्यांनी मायेने हाक मारली. "बाळ, अळूवड्या केल्यास का गं?"

ती एकदम ताठ बसली. "बाबा, तुम्ही माझ्यावर कधी रागावला होतात?"

"तुझ्यावर? कधीच नाही गं. तू तर माझी गुणाची लेक."

रेवा ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. "हेच," ती म्हणाली, "हेच माझे बाबा!"

डॉक्टरांनी कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि वर्दळ कायम केली.

रेवाने त्यांना घरी नेलं, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. दिवस गोड गेले. ती ओट्यापाशी उभी राहून बोलत राहायची आणि ते कौतुक करत राहायचे. मग एका संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता थांबली.

"बाबा, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. तुम्ही दार लावलं होतंत. पहिल्यांदा तुम्ही माफी मागितलीत ना, तेव्हा मला सहनच झालं नाही हो. वाटलं, ही माफी घेतली म्हणजे ते खरंच घडलं असं होईल. म्हणून चारदा नाही म्हणाले. पण मी आयुष्यभर त्याच शब्दांची वाट बघितलीय. आता माझेही दिवस भरत आले. एकदा म्हणा ना."

शिरीषरावांना सगळं लख्ख आठवत होतं. दार, कडी, जिन्यातला तिचा हुंदका. ज्या वाक्यासाठी ते मेले आणि परत आले, ते वाक्यही शब्दन् शब्द समोर होतं. त्यांनी ते उचलायला सारी शक्ती लावली, पण तो रस्ता त्या दिवशीच बंद झाला होता.

"वेडी कुठली!" स्पीकरमधून मायेने आवाज आला. "मी माझ्या बाळाला कधी दाराबाहेर ठेवेन का?"

"बाबा, मी पाया पडते. एकदाच."

"गुणाची गं माझी लेक," ते म्हणाले.